टाकीत मोठे काळे दगड ठेवू का?

राजारामपुरीकर: ३ फुटी काचेची टाकी हाय, सिक्लिड मासे पाळलेत. खाणीवरनं दोन काळे दगड आणलेत, थोरला १२ किलोचा. वाळूवर ठेवले तर चालतंय काय? आई म्हणत्या, "त्यात पाटा-वरवंटा मांडायचाय काय?"

रंकाळ्याचा: वाळूवर नको भावा! सिक्लिड खालची वाळू उकरत्यात, दगड कलंडला की काच गेलीच. रिकाम्या टाकीत तळाला थर्माकोलची पातळ शीट घाल, त्यावर दगड रुंद बाजूनं टेकव, मग भोवतीनं वाळू. टोक खाली अजिबात नको, सगळा भार एका बिंदूवर येतो. वर दुसरा रचणार असशील तर सिलिकॉननं चिकटव. बाजूच्या काचेला टेकवू नको, मासा मधे अडकतो.

पाचगावचा: दगडात पांढरे खडे हायत का बघ. त्यावर व्हिनेगर टाक. फसफसलं तर चुना, पाणी जड (क्षाराचं) होणार. आफ्रिकन सिक्लिडना ते चालतंय म्हणा. उकळू मात्र नको, आतल्या वाफेनं दगड फुटतो. ब्रशनं घासून घे. स्टँड कसला हाय? दीड फूट रुंद-उंच टाकीत पाणीच १९० किलो.

राजारामपुरीकर: लोखंडी अँगलचा. पांढरे खडे हायत, संध्याकाळी व्हिनेगर टाकून सांगतो.