मदत हवी आहे: 'बॅडेनॉखचा लांडगा' आणि त्याच्या घरातली नाती

मंडळी, नमस्कार. भाचीकडे स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला चालले आहे. ती एल्गिन गावचं पडकं कॅथीड्रल (बिशपचं मुख्य चर्च) दाखवणार, म्हणून ते जाळणाऱ्या माणसाबद्दल वाचायला घेतलं आणि नात्यांच्या जंजाळात पुरती अडकले. जाणकारांनी जरा तपासून द्यावं.

अलेक्झांडर स्टुअर्ट, म्हणजेच 'बॅडेनॉखचा लांडगा', जन्म 1343 च्या आसपास. स्कॉटलंडचा राजा दुसरा रॉबर्ट आणि एलिझाबेथ म्यूर यांचा मुलगा. आईवडिलांचं लग्न चर्चच्या नियमात बसत नव्हतं, पोपची परवानगी आली 1347 मध्ये. म्हणजे स्वारी जन्मानंतर औरस ठरली! बाप 1371 मध्ये गादीवर आला आणि याला बॅडेनॉखची जहागीर मिळाली. लॉखिनडॉर्ब नावाच्या तळ्यातल्या बेटावर त्याचा किल्ला होता. उत्तरेचा मुख्य न्यायाधीशही हाच (कुंपणच शेत खातं, दुसरं काय), 1388 मध्ये ते पद काढून घेतलं.

1382 मध्ये त्याने रॉस परगण्याची काउंटेस (तिथली सरदारीण) युफेमिया हिच्याशी लग्न केलं. ती विधवा, पहिल्या नवऱ्यापासून मुलगा आणि मुलगी. या लग्नाने रॉसच्या जमिनी हाताशी आल्या, बकन परगण्याचा अर्लही (सरदार) झाला. राहायचा मात्र मायरेड नावाच्या बाईबरोबर. मुलगे तिचेच, युफेमियापासून एकही मूल नाही. 1389 मध्ये बिशपांनी बजावलं, की मुकाट्याने बायकोकडे परत जा. 1390 च्या एप्रिलमध्ये राजा वारला, मेमध्ये याने फॉरेस गाव जाळलं आणि 17 जूनला एल्गिन, कॅथीड्रलसकट.

आता प्रश्न. भाची म्हणते सगळं बायकोच्या भांडणावरून झालं. मला हे पटत नाही. एवढ्यासाठी कोणी अख्खं गाव पेटवतं का?

दुसरं, 1411 च्या हार्लॉच्या लढाईत याचा अनौरस मुलगा अलेक्झांडर, मारचा अर्ल, हा आयल्सच्या (पश्चिमेकडच्या बेटांच्या) डोनाल्डशी लढला. डोनाल्डची आई मार्गारेट ही दुसऱ्या रॉबर्टची मुलगी, म्हणजे दोघं मामेभाऊ-आत्तेभाऊ. पण डोनाल्डची बायको ही युफेमियाची मुलगी ना? मग बापाच्या बायकोच्या जावयाशीच लढाई? की माझं काही चुकतंय?

प्रतिसाद

नाती बरोबर आहेत ताई. लढाई रॉससाठीच होती. युफेमियाचा मुलगा 1402 मध्ये वारला, मागे एकच लहान मुलगी. तिची आई कोण, तर ऑल्बनीच्या ड्यूकची मुलगी. आणि हा ड्यूक म्हणजे आपल्या लांडग्याचा सख्खा थोरला भाऊ! राज्यकारभार त्याच्याच हातात होता. नातीकडून रॉस आपल्या मुलाच्या नावावर करून घ्यायचा त्याचा डाव, आणि डोनाल्डचं म्हणणं, बायकोचा हक्क आहे. मारचा अर्ल काकाच्या बाजूने लढला. 1415 मध्ये त्या मुलीने रॉसवरचा हक्क सोडला. आपल्याकडच्या भाऊबंदकीला नावं ठेवतो आपण!

एल्गिनबाबत तुमची शंका रास्त आहे. मोरेचा बिशप (एल्गिनचं कॅथीड्रल याचंच) अलेक्झांडर बर याच्याशी जमिनींवरून वाद जुनाच होता. 1390 च्या फेब्रुवारीत बिशपने संरक्षणासाठी इन्व्हर्नेसचा शेरीफ टॉमस डनबर याच्याशी करार केला, म्हणजे लांडग्याला उघड बाजूला सारलं. बिशपने लांडग्याला चर्चमधून बहिष्कृतही केलं होतं. बायकोचं प्रकरण निमित्ताला.

लॉखिनडॉर्ब बघणार असाल तर काठावरूनच, पूल नाही. डंकेल्ड मात्र चुकवू नका. पर्थला प्रायश्चित्त करून बहिष्कारातून सुटल्यामुळे या गृहस्थांना डंकेल्डच्या कॅथीड्रलमध्ये दफनाला जागा मिळाली, चिलखतातला दगडी पुतळा आजही आहे.

धागाकर्ती

खूप आभार! भाचीला लगेच पाठवते. आता अजून एक, इथेच विचारते. युफेमियाने 1392 मध्ये आव्हिन्योंच्या पोपकडून (तेव्हा दोन पोप होते, त्यातला फ्रान्समधला) लग्न मोडून घेतलं, लांडगा वारला 1405 च्या सुमारास. मधल्या काळात मायरेडशी रीतसर लग्न का केलं नाही? आईवडिलांना जशी सूट मिळाली तशी मिळवून मुलं औरस करता आली नसती का? बकनचा अर्ल पुढे ऑल्बनीचाच मुलगा झाला, आणि मारच्या अलेक्झांडरला अर्लपद मिळवायला 1404 मध्ये इझाबेला डग्लसशी लग्न करावं लागलं. चर्चच्या कायद्यातली अडचण होती की थोरल्या भावाची? माहीत असल्यास सांगा.