स्पिन-ऑन ग्लास जास्त तापवला तर उलट पाणी का धरतोय?

प्रश्न
नमस्कार मंडळी, सिलिकॉन वेफरवर मिथाइल सिलोक्सेन टाइपचा स्पिन-ऑन ग्लास (फिरत्या वेफरवर द्रव ओतून, मग तापवून करतात तो काचेसारखा पातळ थर) लावतोय. हॉटप्लेटवर ८०, १५०, २५० डिग्री असं टप्प्याटप्प्याने बेक, मग भट्टीत क्युअर. नायट्रोजनच्या भट्टीला नंबर लागत नाही म्हणून काही वेफर तिथे ४०० ला केल्या आणि बाकीच्या साध्या मफल फर्नेसमध्ये हवेतच, ४५० ला, म्हटलं तेवढंच जास्त पक्कं होईल. आता एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड शोषणावरून रासायनिक बंध ओळखायची चाचणी) नायट्रोजनवाल्यांचा १२७५ cm⁻¹ चा पीक मस्त टोकदार आहे, हवेतल्यांचा जवळपास गायब, आणि ३४०० च्या आसपास पाण्याचा, OH चा पसरट उंचवटा, तो चार दिवसांनी अजून वाढला. कडेला बारीक भेगाही आहेत. उष्णतेने पाणी जायला पाहिजे ना?

उत्तर १
पाणी जातंच रे, पण तुझ्या भट्टीत एकाच वेळी दोन रिअॅक्शन चालल्यात. पहिली कन्डेन्सेशन, म्हणजे शेजारशेजारचे दोन सायलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेला OH) एकत्र येतात, मध्ये सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन पूल तयार होतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर. क्युअरिंग ते ह्याच्यासाठीच. दुसरी म्हणजे १२७५ चा पीक ज्याचा आहे तो सिलिकॉनवरचा मिथाइल (CH₃ गट), तो ४५० ला हवेतल्या ऑक्सिजनने जळतो आणि त्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी पुन्हा सायलॅनॉलच बसतो. मिथाइल पाण्याला जवळ येऊ देत नाही, सायलॅनॉल ओढून घेतो, त्यामुळे फिल्म बाहेर ठेवली की हवेतला दमटपणा शोषत बसते. ५० डिग्री जास्त दिलेस त्यापेक्षा गॅस बदललास हे महागात पडलं.

उत्तर २
भेगा पण त्यातूनच. मिथाइलवाल्या सिलिकॉनला तीनच पूल करता येतात म्हणून जाळं जरा लवचिक राहतं, मिथाइल गेला की फिल्म आकसते, पण खालचा वेफर काही आकसत नाही, मग सगळा ताण फिल्मवर. बिनमिथाइलचा सिलिकेट प्रकार ह्याच कारणाने जाड लावला की तडकतो. आणि एक नक्की बघा, क्युअर संपल्यावर वेफर गरम असतानाच बाहेर काढताय का? नायट्रोजन चालू ठेवूनच २०० च्या खाली येऊ द्या, नाहीतर इतकं सांभाळलेलं शेवटच्या पाच मिनिटांत जातं. ऑक्सिजन प्लाझ्माने रेझिस्ट (नक्षी उमटवायला लावलेला प्रकाशसंवेदी थर) काढतानाही तेच, तिथे तर भट्टीही लागत नाही, मिथाइल उडतो.

प्रश्नकर्ता
धन्यवाद दोघांनाही, प्लाझ्माचं डोक्यातच नव्हतं. मग हवेतल्या वेफर ९०० ला नेल्या तर सुधारतील का?

उत्तर १
खाली ॲल्युमिनियम नसेल तर सायलॅनॉल बरेचसे जातील आणि फिल्म थर्मल ऑक्साइडच्या (सिलिकॉन तापवून त्यावर वाढवलेल्या ऑक्साइडच्या) जवळ येईल, पण आकसणार अजून, म्हणजे आत्ता कडेला आहेत त्या भेगा मध्यापर्यंत येतील. ॲल्युमिनियम असेल तर ४५० च्या वर जायचं नावच काढू नको. आणि मिथाइल काही परत येत नाही, त्यामुळे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (थर किती विद्युतभार साठवतो त्याचं माप) कमी हवा असेल तर त्या वेफर सोडून दे, नव्याने लाव.

उत्तर ३
हायड्रोजन सिल्सेस्क्विऑक्सेन (स्पिन-ऑन ग्लासचाच दुसरा प्रकार) वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, तिथे मिथाइलच्या जागी हायड्रोजन असतो. सिलिकॉन-हायड्रोजन बंधाचा २२५० चा पीक बघत जा. तापवताना पिंजऱ्यासारखे रेणू उघडून जाळं होतं ते हवंच आहे, पण ४०० च्या पुढे हायड्रोजन सुटायला लागतो, आणि ३ च्या आसपासचा कॉन्स्टंट साध्या ऑक्साइडच्या ४ कडे सरकतो.