मदत हवी आहे: वाळक्या फांदीत तांबटाची ढोली, छाटणी कधी करावी?

ठाण्यात उपवन तलावाजवळ आमची छोटी सोसायटी आहे. फाल्गुन लागला, येऊरचा पळस फुलला आणि आवारातल्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबटाच्या जोडीने ढोली कोरली. किती गोल, किती नेटकी! आता दोघं आळीपाळीने आत बसतात, म्हणजे अंडी असावीत. चोचीत फळं नेताना अजून दिसले नाहीत.

फांदी पार्किंगवर येते, म्हणून कमिटीला ती पावसाआधी काढायची आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे ठाऊक आहे. तूर्त खालच्या गाड्या हलवून दोरी बांधली आहे. ढोलीत डोकवायचं नाही, फांदी कापून दुसरीकडे बांधायचीही नाही.

उबवण साधारण दोन आठवडे चालते. पण पिल्लं उडाल्यावर जोडी त्याच ढोलीत पुन्हा अंडी घालते का? ढोली रिकामी झाली हे खालूनच कसं ओळखायचं?