रेल्वेने ये-जा करता येईल असं गाव आणि जवळ सायकलचे चांगले रस्ते: घर निवडताना काय बघावं?

प्रश्न: पहाटस्वार

नमस्कार मंडळी,

शहर सोडायचं आमचं पक्कं झालंय, नोकऱ्या मात्र शहरातच राहणार. नवरा आणि मी दोघंही रेल्वेने ये-जा करू. शोधता शोधता दोन गावांवर येऊन थांबलोय. पहिलं शहरापासून ४० मिनिटांवर, सगळं सपाट, भोवती शेती. दुसरं सव्वा तासावर. गाडी तिथूनच सुटते आणि गाव संपलं की लगेच डोंगर. मी रोड बाईक (पक्क्या रस्त्यावरची हलकी, वेगवान सायकल) चालवते, चढ मला मनापासून आवडतात. नवरा रमतगमत चालवणारा. मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिने शाळेत स्वतः सायकलने जावं अशी आमची फार इच्छा आहे.

रविवारी दोन्ही गावं बघून आलो. दुसऱ्या गावाच्या रस्त्यांवरून परतावंसंच वाटेना. पण रोजचे अडीच तास गाडीत? ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी कृपया सांगा, गाव पारखताना नेमकं काय बघायचं?

उत्तर: गिअरबदल

आधी वेळेचा हिशोब करा. सेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की माणसं रोजच्या प्रवासाला सरासरी तासभर देतात. साधनं वेगवान झाली की ती लांब राहायला जातात, वेळ साधारण तेवढाच राहतो. तुमचे अडीच तास त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. हा वेळ झोपेतून, मुलीच्या वाट्यातून नाहीतर सायकलीतून जाणार, आणि कात्री सगळ्यात आधी सायकलीवरच चालते.

गाडी तिथूनच सुटते ही मात्र मोठी जमेची बाजू. सकाळी बसायला मिळतं. परतीच्या गाडीची तशी खात्री नसते, ती गर्दीच्या वेळी एकदा अनुभवून बघा.

उत्तर: वळणवाट

मी अशाच एका गावात बरीच वर्षं राहतोय आणि इथे आलो तो सायकलसाठीच. म्हणून अगदी कळकळीने सांगतो: डोंगर किती जवळ आहे यापेक्षा तुमच्या दारापासूनचे पहिले तीन किलोमीटर कसे आहेत ते बघा. डोंगरातला रस्ता रविवारी भुरळ घालतो. हे तीन किलोमीटर मात्र प्रत्येक राईडला दोनदा पार करायचे असतात, तेही बहुतेकदा कामाच्या दिवशी, अंधारात किंवा गर्दीत. तेच नकोसे असतील तर हळूहळू सायकल भिंतीला टेकलेलीच राहते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं असं झालंय.

रेल्वेच्या गावांत हा प्रश्न हमखास येतो, त्याला कारण आहे. रेल्वेला चढ झेपत नाही. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरची पकड कमी, म्हणून मुख्य मार्गावर ४० मीटरला १ मीटर चढसुद्धा तीव्र समजतात. रस्ता याच्या दुप्पट-तिप्पट चढ सहज घेतो. त्यामुळे रूळ दरीच्या तळाने, नदीच्या कडेने जातात आणि हमरस्ताही तीच सपाट पट्टी धरतो. नदी, रूळ, हमरस्ता तिन्ही शेजारी, आणि ते ओलांडायच्या जागा मोजक्या. गावातली सगळी वाहनं त्याच पुलावर, त्याच भुयारी मार्गात कोंबली जातात. घराच्या गच्चीतून डोंगर दिसतो, पण मध्ये तो एक चौक उभा असतो.

म्हणून दुसऱ्या गावात घर घेणार असाल तर रुळांच्या डोंगराकडच्या बाजूला बघा. स्टेशनला जाताना पूल ओलांडावा लागला तरी चालेल. तिथे उतरून सायकल हातात धरून चालता येतं. राईडची सुरुवात मात्र मोकळी हवी.

डोंगर जवळ असण्याचा खरा फायदा कामाच्या दिवशी मिळतो. सायकल धरून ८० किलो वजन धरा. ३०० मीटर उंची चढायला, वारा आणि घर्षण सोडून, पायांनी सलग १५० वॅट ताकद लावली तर साधारण २६ मिनिटं लागतात. उतरण्यासकट सगळं तासात बसतं. सपाट रस्त्यावर असा व्यायाम तासाभरात होतच नाही असं नाही, पण त्यासाठी विनाअडथळा लांब रस्ता लागतो, आणि गावाजवळ तो मिळणं कठीण.

नकाशावर दोन प्रकारचे रस्ते शोधा. शेवटच्या वस्तीपाशी संपणारा रस्ता सगळ्यात शांत, कारण पलीकडे जाणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. पण नुसते असेच रस्ते असतील तर त्याच वाटेने परतावं लागतं आणि काही महिन्यांत कंटाळा येतो. दोन दऱ्यांना जोडणारे छोटे रस्ते हवेत, म्हणजे फेरी पूर्ण करता येते. उपग्रहचित्रात दगडखाणी आहेत का तेही बघा. खाण असेल तर रविवारी शांत दिसलेल्या रस्त्यावर मंगळवारी डंपर धावत असतात. त्यामुळे माझा आग्रह आहे की कामाच्या दिवशी सकाळी, ज्या वेळी तुम्ही खरोखर बाहेर पडणार त्याच वेळी, एकदा तो रस्ता चालवून बघा.

आणि एक. दरीत वाऱ्याचं वेळापत्रक असतं. निरभ्र दिवसात रात्री आणि पहाटे वारा दरीच्या वरून खाली येतो, दुपारी उलटा वर जातो. पहाटे आधी दरीच्या वरच्या अंगाला जा, परतताना हलका वारा पाठीशी मिळेल.

उत्तर: तिन्हीसांज

वळणवाट यांचं बहुतेक पटलं, एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. मी एकटी चालवते. अगदी शांत, शेवटच्या वस्तीपाशी संपणारा रस्ता मला संध्याकाळी नको असतो. अधूनमधून घरं, एखादं दुकान, फोनला रेंज हे मला हवंच असतं. पहाटस्वार, तुम्हीही एकट्या जाणार असाल तर हे मोकळेपणाने मोजा. याला भित्रेपणा म्हणू देऊ नका.

मुलीच्या शाळेबद्दल: २०१२ साली मेकुरिया, फर्थ आणि निक्सन यांनी सायकलस्वाराला वाहतुकीचा किती ताण येतो त्यावरून रस्त्यांचे चार गट केले. पहिला गट मुलांनाही झेपेल असा, चौथा फक्त निर्धास्त स्वारांसाठी. त्यांचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: संपूर्ण वाटेचा गट तिच्यातल्या सगळ्यात वाईट तुकड्यावरून ठरतो. घर ते शाळा सगळ्या गल्ल्या शांत असल्या आणि मध्ये एकच वेगवान रस्ता ओलांडायचा असला, तरी आठ वर्षांच्या मुलीसाठी ती वाट बंदच. शाळा सुटण्याच्या वेळी तिथे उभं राहून बघा. मुलं सायकलने येताना दिसली तर निम्मं उत्तर मिळालं.

पहाटस्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या गावातलं आम्हाला आवडलेलं घर नेमकं रुळांच्या हमरस्त्याकडच्या बाजूला आहे, हे तुमची उत्तरं वाचून नकाशा उघडला तेव्हा लक्षात आलं. आता पलीकडे शोधू, आणि आधी वर्षभर भाड्याने राहू म्हणजे सगळे ऋतू कळतील. कामाच्या दिवशी सकाळी जाऊन येणार आहेच. दोन शंका उरल्यात. सायकल गाडीतून नेता येईल का? आणि ॲपमध्ये त्या डोंगराचा चढ जास्तीत जास्त ९ टक्के दाखवतोय, त्यावर विश्वास ठेवू का?

उत्तर: वळणवाट

हमरस्त्याकडचं घर सोडताय, फार बरं वाटलं.

गाडीत सायकल नेण्याचे नियम प्रत्येक रेल्वेचे वेगळे, आणि गर्दीच्या वेळी पूर्ण आकाराच्या सायकलला अनेक ठिकाणी मनाई असते. घडीची सायकल बहुतेक चालते. स्टेशनापर्यंतच जायचं असेल तर एक जुनी, साधी सायकल फक्त त्यासाठी ठेवा आणि स्टेशनावर छपराखाली, लोकांच्या नजरेत राहील अशी जागा आहे का बघा. रोड बाईक दिवसभर तिथे सोडू नका.

चढाच्या आकड्याबद्दल सावध राहा. उंचीची बरीचशी मोफत माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीवरून घेतलेली आहे. तिच्यात एकेका बिंदूमधलं अंतर सुमारे ३० मीटर, आणि दाट झाडी असेल तिथे जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळची उंची मोजली जाते. त्यामुळे तीव्र वळणावरचा छोटा खडा चढ त्यात सपाट होऊन जातो, तर कधी झाडीमुळे नसलेला चढ दिसतो. एकूण उंची आणि एकूण अंतर यांवरून काढलेली सरासरी बरीच विश्वासार्ह असते, ती बघा. बाकी पहिल्या वेळी मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) लावून जा. तिची सगळ्यात मोठी चकती ३४ दात्यांची असली तर ९ चे १३ निघाले तरी बसून चढाल.