मदत हवी आहे: फ्री किकवरचा गोल पंचांनी नाकारला, हे बरोबर आहे का?

वैशाखवणवा
आज सकाळी मुलाच्या शाळेची मॅच होती. शेवटची मिनिटं, आम्ही दोनने मागे. गोलच्या अगदी समोर, वीसेक मीटरवर फ्री किक मिळाली. मुलाने ती हळूच घेतली, मित्राला दिली, मित्राने मारला आणि गोल! आमची पोरं नाचायला लागली, तर पंच म्हणे गोल नाही. कोचना विचारलं तर म्हणाले, 'नियम आहे.' अहो, पण कुठला? रात्री आठच्या आत शाळेला मेल करायचाय. नियम माहीत असणाऱ्यांनीच लिहा, प्लीज.

शाहूपुरी_राइट_बॅक
ताई, पंचांचा हात वर होता का ते आधी सांगा. हात सरळ डोक्यावर म्हणजे इनडायरेक्ट, थेट गोल चालत नाही. पण मारणाऱ्यानंतर कुणाचाही, अगदी आपल्याच गड्याचा पाय लागला की गोल पक्का. तुमच्या पोराने पास दिला म्हणताय, मग विषयच संपला. बाकी दोनने मागे होता तर तो गोल दिला असता तरी हरलाच असता की.

टचलाइन
विषय संपला नाही. नुसता पाय लागून भागत नाही, चेंडू स्पष्ट हलला पाहिजे. पहिल्याने बूट टेकवला, चेंडू जागचा हलला नाही आणि दुसऱ्याने हाणला, तर दुसऱ्याचीच ती पहिली किक. ती थेट आत गेली तर समोरच्यांना गोलकिक. शाळेच्या मॅचमध्ये हे नेहमी होतं.

शाहूपुरी_राइट_बॅक
आणि पंच हात वर करायलाच विसरला असेल तर? तर ती किक पुन्हा घ्यायची, हेही पुस्तकातच आहे. अर्धवट सांगू नका.

टचलाइन
पंच विसरला असं ताई कुठे म्हणाल्या?

ठाणे_काकू
मुलगा कितवीत आहे? या वयात हार-जीत मनावर घेऊ देऊ नका. आणि शिनगार्ड घालतो ना? माझ्या भाच्याने घातले नव्हते, नडगीला टाके पडले.

वैशाखवणवा
हात वर होता, पण सरळ नव्हता, कोपरात काटकोनात वाकवलेला. चेंडू हलला होता. पास मागेच दिला, हातानेच. आणि हरलो कसे असतो? एकने जिंकलो असतो! बारवरून अगदी मधोमध गेला चेंडू.

शाहूपुरी_राइट_बॅक
हाताने??? बारवरून???

टचलाइन
ताई, हा कुठला खेळ आहे?

वैशाखवणवा
फूटी. ऑकलंडला आहोत आम्ही, दुसरं काय खेळणार पोरं? प्लीज, सहा वाजून गेले इथे.

मेलबर्नकर
फूटी आहे तर गोल द्यायलाच हवा होता! आमच्याकडे कुठल्याही फ्री किकवर थेट गोल मारता येतो. मधल्या दोन खांबांतून गेला की 6, बाजूच्या खांबांतून गेला तर बिहाइंड, 1. वर विरोधी गड्याने वेळकाढूपणा केला की पंच 50 मीटर पुढे नेतात. माझी मुलगी ऑसकिकला (छोट्यांच्या फूटीच्या वर्गाला) जायची तेव्हापासून बघतोय.

स्क्रमहाफ_९
मेलबर्नकर, तुमचं ऑसी रूल्स, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. ऑकलंड, वाकवलेला कोपर आणि मागे हाताने पास, म्हणजे रग्बी युनियन.

ताई, रग्बीत पेनल्टी वेगळी आणि फ्री किक वेगळी. पेनल्टीला पंचांचा हात सरळ असतो, फ्री किकला कोपरात वाकवलेला. पेनल्टीवर खांबांमध्ये मारून 3 गुण घेता येतात. फ्री किक ही किरकोळ चुकीची शिक्षा, तिच्यावर थेट गोल नाही. पास देऊन मग ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच लाथेने मारलेला 3 गुणांचा गोल) मारू म्हटलं तर तोही नाही. आधी विरोधी खेळाडूचा चेंडूला हात-पाय लागायला हवा, किंवा त्याने चेंडूवाल्याला टॅकल करायला हवं, किंवा चेंडू डेड होऊन खेळ नव्याने सुरू व्हायला हवा. आपल्याच मित्राने झेलला तो धरत नाहीत. शाहूपुरीकरांचा सॉकरचा नियम इथे नेमका उलटा आहे. तुमच्या मुलाच्या मित्राने ड्रॉप किकच मारली ना?

वैशाखवणवा
हो, जमिनीवर टाकून. मग काय करायचं होतं त्यांनी?

जुना_प्रॉप
स्क्रम मागायचा! समोर खांब, समोरच्यांना खांदे भिडवून आठ जणांनी रेटा द्यायचा. कॅप्टनची अक्कल.

स्क्रमहाफ_९
फ्री किकऐवजी स्क्रम घ्यायची मुभा जुलै 2024 पासून काढली आहे. आता टॅप करून, म्हणजे चेंडूला नुसता पाय लावून, पळायचं किंवा लाथ मारायची. टचमध्ये, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर मारला तर लाइनआउट, म्हणजे चेंडू आत फेकायची पाळी, समोरच्यांची. शाळांच्या स्पर्धांना स्थानिक फरक असू शकतात, तेवढं विचारून घ्या.

जुना_प्रॉप
स्क्रम काढून टाकला म्हणजे खेळातला जीवच काढला.

न्यूजर्सी_नाना
अमेरिकन फुटबॉलमध्येही अशी गंमत आहे. समोरच्यांनी लांब लाथाडलेला चेंडू (पंट) हात वर करून खुणावून झेलला (फेअर कॅच) की तिथूनच, कुणीही अंगावर न येता, गोलवर किक मारता येते. कुणी वापरतच नाही. डिसेंबर 2024 मध्ये चार्जर्सच्या कॅमेरन डिकरने 57 यार्डांवरून मारली, 1976 नंतर पहिल्यांदाच कुणाची आत गेली.

ठाणे_काकू
हे कोणी विचारलं होतं?

डब्लिनवाला_पुणेकर
आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून फ्री किक बारवरून घातली की 2 गुण मिळतात. आमच्या क्लबात आता पोरं दुसरं काही शिकतच नाहीत.

शाहूपुरी_राइट_बॅक
आमच्या शाहू स्टेडियमवर असा गोल नाकारला असता तर पंच घरी कसा गेला असता देव जाणे. मार्च 2023 ला बेंगळुरूत छेत्रीने भिंत लागायच्या आत फ्री किक मारली, तेव्हा केरळवाले मैदान सोडून गेले होते. वर 4 कोटींचा दंड.

टचलाइन
तो गोल नियमात होता.

शाहूपुरी_राइट_बॅक
नव्हता म्हणालो का मी?

वैशाखवणवा
तुमचं चालू द्या. स्क्रमहाफ, एकच विचारते. स्क्रम लागायच्या आधीच त्यांची पोरं धडकली म्हणून ती फ्री किक होती. एवढ्या दांडगाईला पेनल्टी का नाही?

स्क्रमहाफ_९
आधी धडकलं तर फ्री किकच असते. पण एकाच संघाने तीच चूक वारंवार केली तर पंचांनी पेनल्टी द्यायची असते. किती वेळा म्हणजे वारंवार, ते पंच ठरवतात. पेनल्टी असती तर वीस मीटरवरून, समोरून, 3 गुण सहज होते.

वैशाखवणवा
दुसऱ्या हाफमध्ये तिसऱ्यांदा धडकले होते ते! शेजारचे काका मोठमोठ्याने मोजत होते.

स्क्रमहाफ_९
मग मेलमध्ये ड्रॉप गोलचं काही लिहू नका. तिन्ही स्क्रम कुठे झाले आणि दर वेळी पंचांनी काय दिलं, एवढंच विचारा. कुणाकडे व्हिडिओ आहे का?

वैशाखवणवा
काकांच्या फोनमध्ये असेल. सात चाळीस झाले, जाते त्यांच्याकडे.