खिशातला घडीचा चाकू: रोज जवळ बाळगावा की कपाटात ठेवावा?

जांबोटीकर

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले. परत आले ते पलटणीत मिळालेला घडीचा चाकू खिशात घेऊनच. एका बाजूला रुंद पातं, शेजारी डबा फोडायचा आकडा, पाठीवर दोरीच्या गाठी सोडवायचा जाड सुळा. पात्याच्या बुडाशी इंग्लंडातल्या शेफील्डचं नाव अजून बोटाला लागतं. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्यांनी त्यानं काजूची कलमं बांधली, फणस फोडले, आम्हा पोरांना ऊस सोलून दिला. सुपारीला मात्र तो कधी लावला नाही, तिच्यासाठी चंचीत अडकित्ता असायचा.

आजोबा गेल्यावर वडिलांनी तो चाकू आठवण म्हणून ट्रंकेत ठेवला. तिथंच त्याचं वाटोळं झालं. खानापूर तालुक्यातला पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. मी ट्रंक उघडली तेव्हा पातं गंजून कमानीला चिकटलं होतं. तीन दिवस रॉकेलमध्ये ठेवून सोडवला, निसण्यावर घासला. तेव्हापासून रोज खिशात असतो आणि गंज परत आलेला नाही.

त्या नादानं आज माझ्याकडे 11 चाकू आहेत. फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल आहे, जपानचा हिगोनोकामी आहे (त्याची मूठ म्हणजे नुसता दुमडलेला पत्रा), चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत घेतलेला एक शिंगाच्या मुठीचा आहे. खटक्याचा एकही नाही. सगळे आळीपाळीनं वापरतो.

मागच्या महिन्यात बसस्टँडवर तपासणी चालू होती, बॅगेत चाकू निघाला. हवालदार विचारतोय हे कशाला, आणि मला कन्नडमध्ये पटकन काही सुचेना. शेवटी ‘हलसिन हण्णु’ म्हटलं, फणस दाखवला, तेव्हा त्यांनी सोडलं. घरी आल्यापासून बायको म्हणते, ठेवा तो कपाटात. माझं मत ठाम आहे. कामाची वस्तू कामात राहिली तरच टिकते. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीची परिचारिका

दादा, आजोबांची गोष्ट वाचून बरं वाटलं, पण मी वहिनींच्या बाजूची आहे.

मी पंधरा वर्षं अपघात विभागात रात्रपाळी करते. घडीच्या चाकूची जखम बहुतेक तर्जनीच्या आतल्या बाजूला असते. माणूस काही उचकटायला जातो, पातं उलटं मिटतं. वरची कातडी शिवता येते, पण खालची दोरी, म्हणजे बोट वाकवणारा स्नायुबंध तुटला तर मोठं ऑपरेशन लागतं. पुढे कित्येक आठवडे हात बांधलेला. विडीची पानं कातरून पोट भरणाऱ्या बाईचं बोट वाकेना झालं तर तिनं काय करायचं?

दुसरं त्याहून वाईट. यात्रेत, वरातीत, बांधाच्या वादात माणसं भांडतात. खिशात काही नसेल तर चार गुद्दे, एखादी चप्पल, आणि सकाळी मामला मिटतो. खिशात चाकू असेल तर तो बाहेर येतो. मारणारा नंतर बाहेर बाकावर बसून रडत असतो, मला मारायचं नव्हतं म्हणतो. मला ते खरं वाटतं. त्याचा हात खिशात गेला आणि तिथं चाकू होता, एवढंच घडलेलं असतं.

उद्यमबागचा फिटर

ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण बोट कापतं ते चाकू वापरायला कुणी शिकवलेलं नसतं म्हणून.

जांबोटीकरांच्या आजोबांच्या चाकूला कुलूप नसतंय. पात्याचं सपाट बूड पाठीमागच्या पोलादी कमानीवर टेकतंय, कमान दाबून धरते म्हणून पातं उघडं राहतंय. धारेच्या बाजूनं जोर दिला तर ते घट्ट बसतंय. टोकानं खुपसलं किंवा पाठीवर दाब दिला तर मिटतंय. म्हणून हा चाकू भोसकायच्या कामाचाच नाही. सोलायचा, तासायचा, कापायचा. ओपिनेलची गोष्ट वेगळी. त्याला 1955 पासून मानेवर फिरणारं कडं आहे, ते फिरवलं की पातं अडकतंय. ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांनी आधी हा फरक हातानं दाखवावा, मग चाकू द्यावा.

कार्बन पोलादाला गंज लई लवकर धरतोय. पण रोज वापरलं की आंब्याच्या, लिंबाच्या आंबटानं पात्यावर निळसर-काळी झाक चढते, ती लाल गंजाला बरंच थोपवते. बाजारातून आणलेला चकचकीत चाकू आणि दहा वर्षं खिशात मुरलेला चाकू शेजारी ठेवा, कळतंय. फणस कापायच्या आधी पात्याला खोबरेल लावा, चीक बसत नाही. सांध्यात मात्र शिलाई मशीनचं तेल. खोबरेल सांध्यात चिकट होतंय.

मी स्वतः कामावर जाताना दोन इंची पात्याचा ठेवतो. खोकी फोडायला, वायरचं कातडं काढायला, डब्यातली काकडी कापायला. तो घरी राहिला तर दिवसभर खिसा चाचपत राहतो.

चिकोडी कोर्टातून

कायद्याचं बोलतो. शस्त्र नियम 2016 मध्ये पाचव्या वर्गात तलवारी, जंबिये, भाले यांच्यासोबत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. जांबोटीकरांचा चाकू त्या मापात बसत नाही.

पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आपण बेळगाव जिल्ह्यात राहतो. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की रोज कुणाचं तरी आंदोलन. अशा वेळी जमावबंदीचा आदेश निघाला आणि त्यात धारदार वस्तू बाळगू नये असं लिहिलेलं असलं, तर तुमचा तीन इंची चाकूही आदेशाचा भंग ठरतो. तिथं 9 इंचांचा हिशेब सांगून सुटका नाही. आणि भांडणात हात उगारलात तर माप कुणी विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या 118 व्या कलमात धारदार हत्यारानं साधी दुखापत केली तरी तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

त्या दिवसांत मोर्चाला, मिरवणुकीला, बसस्टँडवर चाकू नेऊ नका. सांबऱ्याला विमानात बसताना हातातल्या बॅगेत तर नकोच. शेतात, कारखान्यात, सहलीला खुशाल न्या.

नंदगडचा लोहारपुत्र

सगळे चाकू बाळगायचं बोलालेत, तो घडवतो कोण हे कुणीच विचारेना.

माझे वडील ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद घेऊन खुरपी, कोयते आणि घडीचे चाकू करायचे. पातं तापवून चेरीसारखं लाल झालं की तेलात बुडवायचं, मग धगीवर परत हळूहळू रंग चढू द्यायचा. गवती पिवळा आला की काढायचं. निळा झाला म्हणजे धार मऊ राहणार. तो रंग बघायला म्हणून आमच्या भात्याजवळ कायम अंधार असायचा. एका चाकूला दीड दिवस. आणि घेणारा म्हणायचा, बाजारात स्टीलचा याच्या निम्म्यात मिळतो.

जांबोटीकर, तुम्ही फ्रान्स-जपानचे चाकू घरी मागवता. आमच्या गावातून तुमचं गाव किती लांब? त्या 11 मध्ये आमच्या तालुक्यातला एक तरी आहे का? मी आज फाउंड्रीत मोल्डिंग करतो. वडील भाता पेटवतात तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, कोयत्यांना धार लावायला. दुसऱ्या दिवशी हत्यारांना हळद-कुंकू लागतं आणि पुन्हा वर्षभर सगळं पोत्यात.

जांबोटीकर

लोहारदादा, एकही नाही. चिंचलीचा तोही दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला होता, विकणाऱ्यानंच सांगितलं. याची मला मनापासून शरम वाटते.

ताईंना एक सांगायचं आहे. जपानात शाळेतली पोरं या हिगोनोकामीनं पेन्सिली तासायची. 1960 साली इनेजिरो असानुमा या समाजवादी नेत्याचा एका 17 वर्षांच्या मुलानं भर सभेत खून केला. हत्यार होतं आखूड तलवार. पण त्यानंतर पोरांच्या हाती धार नको म्हणून देशभर मोहीम झाली आणि शाळेच्या दप्तरातून चाकू गेला. मिकी गावात हा धंदा जोरात होता, आज त्या नावानं चाकू घडवणारं एकच घराणं उरलं आहे. आपल्याकडे रामपुरी चाकूच्या रामपूरचं तेच झालं. 1990 च्या दशकात पात्याच्या लांबीवर साडेचार इंचांची मर्यादा आली आणि कारागीर पांगले. आता तिथल्या चौकात 20 फुटांचा चाकू उभा केलाय, घडवणारे हात मोजके. भीतीपोटी हत्यार काढून घेतलं की भांडणं थांबतात असं मला दिसत नाही. कसब मात्र नक्की जातं.

वकीलसाहेबांचं पटलं. मिरवणुकीला, बसस्टँडवर चाकू घरी ठेवीन.

निपाणीची परिचारिका

रामपूरच्या कारागिरांचं वाईट वाटतं, पण रामपुरी लोकांच्या तोंडी आला तो गुंडांमुळे, भाजी चिरण्यामुळे नाही. हल्ली पोरं तलवारीनं केक कापून त्याचे व्हिडिओ टाकतात. अशा पोराला वडिलांच्या खिशातला चाकू दिसला तर तो त्यातून कलम बांधायचं शिकेल की दुसरं काही? तुमच्या घरी शिकवणारे आजोबा होते. सगळ्यांच्या घरी ते नसतात.

संग्रहाला माझा विरोध नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी अडकित्ते बघत अर्धा दिवस घालवलाय. तसे ठेवा, तेल लावून. खिशात नको. माझं मत बदललेलं नाही.

उद्यमबागचा फिटर

ताई, संग्रहालयातले अडकित्ते कुणीतरी पन्नास वर्षं वापरले म्हणून बघण्यासारखे झालेत. आणि शिकवणारे आजोबा नाहीत म्हणता, तर आपण शिकवू या की. आमच्या गल्लीतल्या चार पोरांना मी दर रविवारी धार लावायला बसवतोय. दगडावर पातं किती तिरकं धरायचं हे हाताला कळायलाच त्यांचे दोन महिने गेले.

नंदगडचा लोहारपुत्र

जांबोटीकर, शरम वाटायचं काही कारण नाही. रात्री वडिलांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. म्हणाले, पाट्याचा तुकडा आहे, शिसवीची मूठ करता येईल, कमान मात्र त्यांच्या आजोबांच्या चाकूची बघून घ्यावी लागेल, आपली जरा ढिली व्हायची. पातं तीन इंचांवर नको असं मीच सांगितलं. येत्या रविवारी तो शेफील्डचा घेऊन या. पातं उघडायची नखाची खाच डाव्या बाजूला हवी की उजव्या, तेही ठरवून या.