कॅमेरे बसवूनही गल्लीतली भीती का जात नाही?

मागची_गल्ली: दिवाळीनंतर आमच्या वसाहतीत दोन घरफोड्या झाल्या आणि एका आजींचे मंगळसूत्र भर संध्याकाळी ओढून नेले. वर्गणी काढून आठ कॅमेरे बसवले, पण हेल्मेट घातलेला तो माणूस कोण, हे चित्रण पाहून कोणालाच सांगता आले नाही. मागच्या गल्लीतला दिवा पिंपळाच्या फांद्यांआड गेला आहे, त्यामुळे बंद दुकानांसमोरून सातनंतर बायका एकट्या जात नाहीत. शेजाऱ्यांच्या आणि पोलिसांच्या ओळखीने गुन्हे खरोखर रोखले जातात का?

यंत्रमाग: भिवंडीचे उदाहरण पाहावे. १९७० आणि १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनी होरपळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसे पोलिसांसोबत नियमित बसत, आणि नळावरच्या भांडणापासून अफवेपर्यंत सारे तिथेच बोलले जाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. माझ्या मते खरे बळ बैठकांच्या संख्येत नव्हते. संकट येण्याआधीच हवालदाराला मोहल्ला आणि मोहल्ल्याला हवालदार नावानिशी ठाऊक होता, यात ते होते.

पायी_गस्त: वरील मताशी मी सहमत आहे, मात्र अपेक्षा नेमकी ठेवावी. अमेरिकेतील न्यूअर्क शहरात १९७८-७९ मध्ये पायी गस्तीचा प्रयोग झाला, तेव्हा नोंदलेले गुन्हे फारसे घटले नाहीत, पण रहिवाशांची भीती कमी झाली आणि पोलिसांविषयीचे मत सुधारले. ही बाब मला क्षुल्लक वाटत नाही, कारण भीतीने माणसे घरात बसली की रस्ता ओस पडतो आणि ओस रस्ता चोराच्या पथ्यावर पडतो. म्हणून फांद्या छाटण्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आजच अर्ज करा (परवानगीशिवाय झाडाला हात लावू नका), आणि बंद दुकानांसमोर संध्याकाळी एखादी भाजीची गाडी उभी राहू शकेल का, तेही पाहा.

साक्री_रोड: एक कळकळीची विनंती आहे. गस्त घालणाऱ्या तरुणांना पहिल्याच दिवशी बजावून सांगा की अनोळखी म्हणजे चोर नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच जणांना ठार मारले. संशय आला तर ११२ वर कळवावे, माणसाला अडवून मारहाण करू नये.

मागची_गल्ली: सर्वांचे मनापासून आभार. उद्यान विभागाचा अर्ज लिहून झाला आहे. आमच्या भागाचे बीट अंमलदार कोण, हे वसाहतीत आज एकालाही सांगता आले नाही, म्हणून रविवारी आम्ही चौघे आधी चौकीत जाऊन त्यांना भेटणार आहोत.